गळस्पर्धेचा दिवस व दक्षिणेंतील माशांच्या तीन याद्या

१

तळ्याच्या कांठीं दिवसभर गळ टाकून बसावें आणि सायंकाळीं ज्याचे मासे तराजूंत अधिक भरतील त्यास विजयी म्हणावें, ह्या खेळांत इतिहासाच्या अभ्यासकानें लक्ष घालण्याजोगें काय आहे, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. बखरी, तहनामे व वतनाचे महजर ह्यांच्या शोधांत ज्यांचीं वर्षें गेलीं त्यांस हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु गळानें मासे धरण्याच्या विद्येचा दक्षिणेंतील इतिहास सुमारें नऊशें वर्षें मागें नेतां येतो. त्या इतिहासाचीं मुख्य साधनें तीन: एक राजाच्या नांवाचा संस्कृत ग्रंथ, दुसरें एका लष्करी अंमलदाराचा प्राणिशास्त्रीय निबंध, आणि तिसरें स्पर्धेच्या दिवशीं भरला जाणारा वजनाचा कागद. हीं तीनही साधनें पाहूं गेल्यास माशांच्या याद्याच होत. त्या एकमेकींशेजारीं ठेवून वाचिल्या असतां काय दिसतें, तें प्रस्तुत लेखांत मांडण्याचा आमचा हेतु आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, गळाची विद्या दक्षिणेस नवी नाहीं. नवी आहे ती स्पर्धा, आणि स्पर्धेबरोबर आलेला तराजू. ह्या तराजूनें माशांचें वजन टिपून ठेविलें, परंतु त्यांचीं नांवें हळूहळू गाळून टाकलीं.

२

विवेचनास आरंभ भिंगारपासून करणें सोयीचें आहे. कारण माशांचा विचार करण्यापूर्वीं पाण्याचा विचार केला पाहिजे, आणि मनुष्यानें बांधून साठविलेल्या पाण्याचे जितके प्रकार दक्षिणेंत आढळतात तितके बहुतेक सर्व भिंगारच्या परिसरांत पाहावयास सांपडतात.

अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, वसण्यापूर्वीं भिंगार हें नांव इतिहासांत येतें. इ. स. १४९० त मलिक अहमद ह्यानें बहामनी सेनापति जहांगीरखान ह्याचा पराभव ह्याच भागांत केला. विजयाच्या जागीं बाग केली, आणि १४९४ त सीना नदीच्या कांठीं नव्या नगराचा पाया घातला. पुढें १७०७ त औरंगजेबाचा अंतकाल झाला तोहि येथेंच. भिंगारची आलमगीर दर्गा त्याची साक्ष आहे. ह्या दोन गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत. मधल्या काळांत येथें पाण्याचें जें काम झालें त्याकडे मात्र तितकें लक्ष गेलेलें नाहीं.

निजामशाही अमलांत कापूरवाडी, शेंडी, वडगांव, शहापूर, भिंगार इत्यादि गांवांकडून खापरी नळांनीं शहरांत, किल्ल्याकडे व बागांकडे पाणी खेळविलें होतें. उत्तरेची हश्त बिहिश्त बाग आणि भिंगारच्या बाजूची फराहबाग ह्या दोहोंच्याहि इमारती तळ्याच्या मधोमध उभ्या केल्या होत्या. फराहबागेचें काम दुसऱ्या सलाबतखानानें १५८३ त पुरें केलें. मुर्तजा निजामशहा राज्यकारभार टाकून तेथें बुद्धिबळें खेळत बसे, अशी हकीकत आहे. त्याच सलाबतखानाची तीन मजली अष्टकोनी कबर भिंगारच्या पूर्वेस डोंगरावर आहे व लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. भातोडीचें मोठें तळेंहि सलाबतखानानेंच बांधविलें असें सांगतात. १६२४ च्या लढाईंत मलिक अंबरानें त्याचा बांध फोडून शत्रूच्या छावणींत पाणी सोडलें, व त्याच रणांत शहाजीराजांचे बंधु शरीफजी पडले, हें मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस निराळें सांगण्याचें कारण नाहीं.

येणेंप्रमाणें विलासाचें तळें, पिण्याच्या पाण्याचा नळ व शेतीचें तळें, अशीं तीनहि प्रकारचीं पाणीं भिंगारच्या सभोंवतीं होतीं. पुढें १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला. १८१७ च्या पुणें येथील तहानें तो पेशव्यांकडून कायमचा इंग्रजांकडे गेला, आणि किल्ल्यालगत भिंगारास लष्करी छावणी बसली. नदी जवळ असो वा नसो, तळीं आहेत, आणि रविवार मोकळा असलेले लोक आहेत: गळाच्या खेळास जें लागतें तें सर्व अशा ठिकाणीं जुळून येतें. ह्या खेळाची विद्या मात्र छावणीबरोबर आली असें मानण्याचें कारण नाहीं. ती येथें त्यापूर्वीं सातशें वर्षें लिहून ठेविलेली होती.

३

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल असें बिरुद होतें, त्याच्या नांवावर असलेला ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमारास सिद्ध झाला. सेउणदेशाचे यादव त्या वेळीं चालुक्यांचे मांडलिक होते. तेव्हां नगरकडील मुलूख त्याच राज्यमंडलांत मोडत होता. ह्या ग्रंथाच्या गीतविनोदांत मराठीच्या जुन्या रूपाचे चरण असल्यामुळें भाषेच्या अभ्यासकांनीं त्याकडे फार पूर्वींच लक्ष दिलें आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत त्याचे तीन भाग अनुक्रमें १९२५, १९३९ व १९६१ ह्या सालीं प्रसिद्ध झाले.

ग्रंथाच्या पांच विंशति आहेत व प्रत्येकींत वीस अध्याय आहेत. चौथ्या, म्हणजे विनोदविंशतींत, ‘मत्स्यविनोद’ नांवाचें प्रकरण आहे. त्यांत समुद्रांतील व गोड्या पाण्यांतील मिळून पस्तीस प्रकारचे मासे सांगितले आहेत. कोणास खवले आहेत व कोणाचें अंग नुसत्या कातड्याचें आहे, कोण मोठा व कोण लहान, कोण कोठें राहतो, आणि कोणास कोणतें खाद्य रुचतें, हें त्यांत पद्धतशीर दिलें आहे. खाद्याचे गोळे करून पाण्यांत टाकावे, मासे त्या जागेस सोकावूं द्यावे, आणि मग गळ घालावा, अशी ही रीत आहे. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा ह्यांनीं १९५१ त ह्या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहून शास्त्रज्ञांच्या नजरेस तें आणून दिलें. इंग्रजी भाषेंतील गळविद्येचा पहिला छापील ग्रंथ १४९६ चा, आणि वॉल्टनचें सुप्रसिद्ध पुस्तक १६५३ चें. सोमेश्वराचा ग्रंथ पहिल्याहून साडेतीनशें वर्षांहून अधिक जुना आहे. गळ हा साहेबांनीं आणिलेला खेळ, हा समज टाकून देण्यास एवढें पुरें आहे.

परंतु ह्याहून महत्त्वाची गोष्ट प्रकरणांच्या क्रमांत आहे, व तिकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें. विनोदविंशतींत मल्ल, कुक्कुट, लावक, मेष, महिष ह्यांच्या झुंजी आधीं येतात. ह्या सर्वांत दोन पक्ष, पाहणारे लोक, व जय आणि पराजय हीं आहेत. त्यानंतर पारावत, सारमेय व श्येन हे विनोद येतात. मग मत्स्यविनोद, आणि लगेच मृगया. म्हणजे ग्रंथकारानें गळाचा खेळ झुंजींच्या रांगेंत न ठेवतां श्वान, ससाणा व शिकार ह्यांच्या रांगेंत ठेविला आहे. राजा मासा धरतो तो माशाशीं सामना म्हणून. दुसऱ्या गळवाल्याशीं त्याची चढाओढ नाहीं. कोंबड्याच्या झुंजीस नियम लिहिणाऱ्या ह्या राजदरबारास गळाची पैज लावणें अवघड नव्हतें. तरी त्यानें ती लाविली नाहीं. म्हणून माशाचें वजन किती हा प्रश्न ह्या ग्रंथास पडत नाहीं. त्यास पडतो तो प्रश्न, हा मासा कोण, हा होय.

४

दुसरी यादी विल्यम हेन्री सायक्स ह्याची. हा मुंबई इलाख्याच्या लष्करांतील अंमलदार. १८२४ त एल्फिन्स्टननें त्यास दख्खनची माहिती गोळा करण्यासाठीं सांख्यिकी निवेदक म्हणून नेमिलें, व त्या कामानिमित्त तो पुणें, नगर व भोंवतालच्या मुलुखांत वर्षानुवर्षें हिंडला. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें आला व १८३९ त छापून प्रसिद्ध झाला. १८४१ त तो चित्रांसह पुन्हां निघाला.

ह्या निबंधाचें मोल शास्त्रज्ञांस एका कारणानें वाटतें, आम्हांस दुसऱ्या. सायक्सनें जे मासे प्रथम वर्णिले त्यांपैकीं पुष्कळांस लॅटिन नांव देतांना त्यानें स्थानिक लोकांच्या तोंडचाच शब्द घेतला. महाशीर जातीच्या दख्खनी माशास त्यानें ‘खुद्री’ म्हटलें. आजहि जगांतील सर्व ग्रंथांत तो ‘टोर खुद्री’ ह्याच नांवानें ओळखला जातो. ‘मसुल्ला’, ‘कोलुस’, ‘फुलंगी’, ‘बोगट’, ‘मुल्या’, ‘शिंगटी’, ‘घोगरा’, ‘सांडखोल’ हीं नांवें त्याच मालिकेंतलीं. एका चमत्कारिक तोंडाच्या माशास त्यानें ‘नुक्टा’ असें नांव दिलें. हा मासा चित्रांत पाहिला, त्याच्या नाकाडावरील उंचवटा व मागें सरलेला ओंठ लक्षांत घेतला, म्हणजे हा मराठी ‘नकटा’ शब्दच होय असें आमचें मत आहे. हा मासा आतां दुर्मिळ झाला आहे.

कित्येक माशांच्या नांवापुढें सायक्सनें तो कोठें सांपडला तें लिहिलें आहे: मुळा-मुठा, घोड, भीमा. भीमेवरील एक ठिकाण तो ‘पैरगांव’ असें लिहितो. श्रीगोंदें तालुक्यांतील भीमातीरींचें पेडगांव तें हेंच असावें, असें उच्चारावरून व स्थळावरून वाटतें. तसें असल्यास बहादूरगडाच्या तटाखालच्या डोहांतून निघालेला मासा लंडनच्या ग्रंथांत जाऊन बसला.

मासे धरणें आणि पालखी वाहणें हा ज्यांचा धंदा त्या भोई व कोळी लोकांनीं स्वतःच्या हातानें कांहीं लिहून ठेविलेलें सहसा आढळत नाहीं. त्यांच्या बोलींतील अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले शब्द मोडी कागदांत शोधावयाचे तर हातीं फार थोडें लागेल. परंतु तेच शब्द लॅटिन वेष धारण करून प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत सुखरूप राहिले आहेत. शास्त्रीय नांव एकदां प्रसिद्ध झालें म्हणजे तें बदलतां येत नाहीं, असा त्या शास्त्राचा दंडक असल्यामुळें ह्या शब्दांस जणूं ताम्रपटाचें संरक्षण मिळालें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. नांव सारखें दिसलें म्हणून मासा एक, असें धरूं नये. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत ज्या रोहिताचा उल्लेख आहे त्याच शब्दापासून आजचा ‘रोहू’ झाला. उलट सायक्सनें ‘रोहटी’ सारख्या उच्चाराचें जें नांव एका संपूर्ण कुलास दिलें, तें अगदीं निराळ्या, अंगानें चपट्या व लहान माशांचें आहे. पोथींतला रोहित, सायक्सची रोहटी व बाजारांतला रोहू ह्यांची गल्लत करणें म्हणजे तीन निरनिराळ्या घराण्यांचा एकच वंशवृक्ष लावणें होय.

५

आतां तिसऱ्या यादीकडे वळूं. गळाची संघटित स्पर्धा ही खुद्द इंग्लंडांतहि फार जुनी नाहीं. वॉल्टनच्या पुस्तकांत गळ हें एकांताचें सुख आहे. एकोणिसाव्या शतकांत कारखान्यांच्या गांवीं कामकऱ्यांची मंडळें निघालीं, शनिवारची अर्धी सुटी मिळूं लागली, आगगाडीनें शेंकडों माणसें एकाच कालव्यावर जाऊं लागलीं, आणि तेव्हां जागा कोणास कोणती हा तंटा उपस्थित झाला. त्यांतूनच स्पर्धेचे नियम जन्मले. तेथील गळवाल्यांचा राष्ट्रीय संघ १९०३ त स्थापन झाला व पहिली अखिल इंग्लंड स्पर्धा १९०६ त झाली.

ह्या नियमांचें स्वरूप असें. काठावर अंतरा-अंतरानें खुंट्या मारून जागांस क्रमांक द्यावयाचे. कोणी कोठें बसावें हें पहाटे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचें, म्हणजे उत्तम जागा धनवानास अथवा ओळखीच्यास मिळूं नये. शिटी वाजल्यावांचून कोणाचाहि गळ पाण्यांत पडतां कामा नये. धरलेला मासा पाण्यांतील लांब जाळींत जिवंत ठेवावयाचा. शेवटची शिटी झाली कीं काठ्या वर. मग पंच तराजू घेऊन एकेका जागीं जातात, प्रत्येकाचें वजन सर्वांदेखत कागदावर मांडतात, आणि मासे पुन्हां पाण्यांत सोडतात. भांडण तोडण्यासाठीं निघालेला हा कागद असल्यामुळें तो काळजीनें भरला जातो. म्हणून इतिहासाचें साधन ह्या नात्यानें तो विश्वसनीय आहे.

हिंदुस्थानांत गळाची आवड असलेल्या अंमलदारांसाठीं मद्रासचे सनदी नोकर हेन्री सलिव्हन टॉमस ह्यांनीं १८७३ त ‘द रॉड इन इंडिया’ व १८८७ त ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ हीं पुस्तकें लिहिलीं. दुसऱ्याचा विषय केवळ तळ्यांतील मासे हा आहे. भिंगारसारख्या, मोठी नदी हाताशीं नसलेल्या छावणींतील मनुष्याच्या उपयोगाचा ग्रंथ तो हाच.

महाराष्ट्रांत ह्या खेळाचें मुख्य पीठ मुंबईचें पवई तळें झालें. शहरास पिण्याचें पाणी मिळावें म्हणून तें १८९०–९१ त बांधलें गेलें. परंतु पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं, आणि तळें गळवाल्यांच्या वांट्यास आलें. इलाख्याचें नांव धारण करणारी गळवाल्यांची संस्था तेथें स्वातंत्र्यापूर्वींच निघाली होती. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही तिची उत्तराधिकारी होय. ह्या संस्थेनें तळ्यांत मत्स्यबीज सोडण्याचें काम केलें व स्पर्धा भरविल्या. फराहबागेचें विलासाचें तळें, भातोडीचें शेतीचें तळें, आणि पवईचें फसलेलें पिण्याचें तळें: मासा तिन्हींत सारखाच वाढतो, पाण्याचा हेतु त्यास कळत नाहीं.

पवईस जो मासा तराजूंत पडतो तो मुख्यत्वें कटला, रोहू अथवा मृगळ. ह्या तिघांचें मूळ वसतिस्थान प्रामुख्यानें उत्तरेकडील नद्यांचें खोरें आहे. पूर्वीं त्यांचें बीज नदींतूनच गोळा करावें लागे, कारण हे मासे बांधलेल्या तळ्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांत हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही ह्यांनीं माशाच्याच पोषग्रंथीचा अर्क टोंचून त्यांची पैदास करून दाखविली, आणि त्यानंतर हें बीज देशभर पाहिजे तेवढें मिळूं लागलें. आज दक्षिणेंतील लहान-मोठ्या बहुतेक तळ्यांत हेच तीन मासे वाढवितात. पिठाचे व पेंडीचे गोळे टाकून त्यांस एका जागीं आणण्याची रीत मात्र सोमेश्वराच्या वेळचीच राहिली आहे.

६

आतां तीनहि याद्या एकत्र पाहूं. सोमेश्वराच्या यादींत पस्तीस नांवें आहेत व वजन एकाचेंहि नाहीं. सायक्सच्या यादींत नांव, वर्णन, स्थळ व चित्र हीं आहेत, आणि बोलणाऱ्याचा शब्द जपलेला आहे. स्पर्धेच्या कागदांत जागेचा क्रमांक, मनुष्याचें नांव व वजन एवढेंच पुरतें. माशाचें नांव लिहिलेंच तर तें तिहींपैकीं एक असतें. ज्ञानाच्या दृष्टीनें ही उतरती पायरी आहे, असें कोणी म्हणेल. आम्ही तसें म्हणत नाहीं. स्पर्धेच्या कागदास तारीख आहे, स्थळ आहे, पंच आहेत, व त्याच तळ्यावर वर्षानुवर्षें तो भरला जातो. हे गुण पहिल्या दोन याद्यांत नाहींत. एखादें तळें केव्हां बिघडलें, जलपर्णी माजल्यावर मासा किती घटला, देशी जाति कोणत्या वर्षानंतर वर आलीच नाहीं, हें सांगण्याचें सामर्थ्य ह्या कागदांतच आहे. मात्र त्यासाठीं तो कागद राहिला पाहिजे, आणि त्यांत माशाचें खरें नांव असलें पाहिजे.

नांव टिकलें तर मासाहि टिकविण्याची वाट राहते, ह्यास उदाहरण आहे. सायक्सच्या ‘खुद्री’ची संख्या घटत चाललेली पाहून लोणावळ्यास टाटांच्या वीजकंपनीच्या तळ्यांवर १९७० नंतर त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली, आणि तेथील पिलें देशांतील अनेक नद्यांत व तळ्यांत सोडण्यांत आलीं. मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी ह्यांनीं ह्याच माशाच्या अंड्यांचा व वाढीचा अभ्यास करून ठेविला होता. ज्या माशास वर्णनकार, नांव व अभ्यासक मिळाला त्याचें असें झालें. नकट्याच्या, फुलंगीच्या व सांडखोलाच्या वांट्यास तेवढें आलेलें नाहीं.

म्हणून आमच्या संग्राहक मित्रांस आमची विनंति अशी आहे. दफ्तर चाळतांना तळ्याच्या मासळीचा मक्ता, भोयांचा कौल, छावणीच्या परवान्याचा कागद, अथवा एखाद्या मंडळाच्या स्पर्धेची वही हातीं आली, तर ती रद्दींत टाकूं नये. तिजवर साल व स्थळ लिहून ती वेगळी बांधून ठेवावी. दुसरें असें कीं, भिंगार, कापूरवाडी, भातोडी व भीमाकांठ ह्या भागांत जे वृद्ध भोई व कोळी आहेत त्यांच्याकडून माशांचीं नांवें त्यांच्या उच्चाराप्रमाणें उतरून घ्यावीं, आणि सायक्सचीं चित्रें त्यांस दाखवून कोणतें नांव कोणत्या माशाचें तें विचारावें. इंग्रजी लिपींत गेल्यामुळें ज्या शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ व ‘ट’-‘त’ पुसले गेले, ते शुद्ध करून घेण्यास आतां तेवढाच मार्ग शिल्लक आहे. शिलालेख आणखी शंभर वर्षें वाट पाहूं शकेल; हे शब्द ज्यांच्या तोंडीं आहेत तीं माणसें तितका काळ थांबणार नाहींत.